स्पोर्ट्स कारला बाहेरचा एअर इनटेक लावताय? हॉर्सपॉवरआधी धुळीचा हिशेब विचारा

स्पोर्ट्स कार किंवा वेगवान हॅचबॅक घेतली की पहिल्या वर्षभरात बहुतेक मालकांना एक सल्ला हमखास मिळतो. 'साहेब, इनटेक बदला, गाडी मोकळी पळेल.' फुटबोर्ड, स्पॉयलर, अलॉय व्हील यांच्या यादीत इनटेक सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. इंजिन उघडायचं नाही, वेल्डिंग नाही, चार-पाच क्लिपा आणि दोन-तीन क्लॅम्प सोडले की तासाभरात काम होतं. शिवाय बॉनेट उघडल्यावर दिसायलाही छान!

इनटेक विकणाऱ्याची आश्वासनं तीन असतात: ताकद वाढेल, मायलेज सुधारेल आणि आवाज दमदार येईल. यातलं तिसरं जवळपास नेहमी खरं ठरतं. पहिलं थोडं खरं असतं आणि दुसऱ्याला फारसा आधार नाही. चौथ्या गोष्टीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ती म्हणजे नवा फिल्टर धूळ किती अडवतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याने इनटेक निवडताना हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागचा हिशेब समजून घेऊ.

एअर इनटेक म्हणजे नेमकं काय?

इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. ही हवा ग्रिलमागच्या किंवा हेडलाइटजवळच्या तोंडातून आत येते, प्लास्टिकच्या बंद डब्यातल्या फिल्टरमधून गाळली जाते आणि पाइपातून थ्रॉटलपर्यंत किंवा टर्बोपर्यंत पोहोचते. हा सगळा मार्ग म्हणजे इनटेक.

बाजारात याचे ढोबळ तीन पर्याय मिळतात. पहिला 'ड्रॉप-इन'. यात कंपनीचा डबा तसाच राहतो, फक्त आतला कागदी फिल्टर काढून कापडी किंवा सिंथेटिक फिल्टर बसवतात. दुसरा 'शॉर्ट रॅम'. यात डबा काढून टाकतात आणि आखूड पाइपावर उघडा कोन फिल्टर बसवतात. तिसरा 'कोल्ड एअर इनटेक'. यात पाइप लांब असतो आणि फिल्टर इंजिनापासून दूर, बहुतेक वेळा बंपरच्या आत खाली, नेला जातो. महागड्या किटमध्ये कोनभोवती कार्बन फायबरचं बंद कवचही असतं.

कंपनीचा डबा खरंच इंजिनाचा गळा आवळतो का?

उदाहरणासाठी फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. २०१६मध्ये ही गाडी भारतात अधिकृतपणे आली. ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन आणि भारतीय आवृत्तीत ४०१ पीएस ताकद. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. म्हणजे ६,५०० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे १६ हजार लिटर हवा ओढू शकतं. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरच्या टाक्या असतात ना, तशा १६ टाक्या, दर मिनिटाला!

एवढी हवा फिल्टर आणि पाइपातून ओढताना दाब थोडा कमी होतो. इनटेक कंपन्या 'रिस्ट्रिक्शन' म्हणतात ती हीच. आता गणित पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नव्या इनटेकने वाटेतला दाबाचा तोटा १ किलोपास्कलने कमी केला असं धरलं, तर इंजिनाला साधारण १ टक्का जास्त हवा मिळेल. ४०१ पीएसच्या गाडीत याचा अर्थ ४ पीएस. तोही फक्त पाय पूर्ण दाबलेला असताना, वरच्या आरपीएमला.

तुलनेसाठी एक घरचं उदाहरण. मुंबईहून महाबळेश्वरला चढलात की सुमारे १,३५० मीटर उंचीमुळे हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास घटतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हा तोटा सरळ सोसावा लागतो. म्हणजे पसरणी घाट चढताना जितकी ताकद जाते, त्याचा छोटासा हिस्साच बाजारातला कुठलाही पाइप परत आणू शकतो.

शहरात तर हा फायदाही मिळत नाही. सिग्नल ते सिग्नल चालवताना थ्रॉटलची झडप अर्धवटच उघडलेली असते. हवेला सगळ्यात मोठा अडथळा तिचाच असतो आणि तो आपण पायानेच ठरवतो. त्यामागे फिल्टर कितीही मोकळा असला तरी फरक कळत नाही.

मग मायलेज?

कार्ब्युरेटरच्या जमान्यात तुंबलेला फिल्टर पेट्रोल जास्त प्यायचा, कारण हवा कमी आली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नसे. आजच्या गाड्यांत ईसीयू आलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९मध्ये हे तपासलं. इंधन इंजेक्शन असलेल्या आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर तुंबला तरी मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला. तुंबलेल्या आणि नव्या फिल्टरमध्ये जर मायलेजचा फरक दिसत नसेल, तर नव्या आणि 'अधिक मोकळ्या' फिल्टरमध्ये तो कुठून येणार?

पण डायनोवर आकडे वाढलेले दिसतात, त्याचं काय?

दिसतात आणि बऱ्याचदा ते खोटे नसतात. प्रश्न मोजण्याच्या परिस्थितीचा आहे. डायनोवर बॉनेट सहसा उघडं असतं आणि समोर मोठा पंखा थेट फिल्टरवर वारा मारत असतो. रस्त्यावर बॉनेट बंद असतं. शिवाय तीच गाडी, कुठलाही बदल न करता, डायनोवर लागोपाठ तीनदा पळवली तरी आकडे एक-दोन टक्के पुढे-मागे होतात. ४०० पीएसच्या गाडीत ४ ते ८ पीएस तर यातच विरून जातात.

म्हणून विक्रेत्याला विचारा: आधीची आणि नंतरची मोजणी एकाच दिवशी झाली का? बॉनेट बंद होतं का? प्रत्येकी किमान तीन रन घेतले का? आणि ईसीयूचं ट्यूनिंग बदललं होतं का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत फोर्ड परफॉर्मन्सने मस्टँगसाठी जे 'पॉवर पॅक' विकले, त्यांत फिल्टरसोबत ईसीयूचं नवं कॅलिब्रेशनही होतं. मोठा आकडा या जोडीतून येतो. एकट्या फिल्टरच्या नावावर तो खपवला जात असेल तर सावध व्हा.

उघडा कोन फिल्टर गरम हवा ओढतो का?

वेगात जाताना बॉनेटखाली हवा खेळती असते, तेव्हा त्रास कमी असतो. ट्रॅफिकमध्ये मात्र चित्र पालटतं. बाहेर ३५ अंश असताना बॉनेटखाली ६५ अंशांची हवा कोनमध्ये शिरली, तर तिची घनता ९ टक्क्यांनी कमी असते. वाचवलेला एक टक्का इथे व्याजासकट परत जातो. टर्बो गाडीत इंटरकूलर ही हवा थोडी सावरून घेतो, पण त्याच्यावरचा भार वाढतोच.

कंपनीचा डबा दिसायला ओबडधोबड असला, तरी तो बाहेरची थंड हवा घेतो आणि इंजिनाची गरम हवा दूर ठेवतो. त्याच्या पाइपावरचे विचित्र फुगवटे ताकद खात नाहीत. ते आवाज दाबणारे रेझोनेटर असतात. डबा काढल्यावर जो घुमणारा आवाज येतो, तो हे रेझोनेटर गेल्यामुळे. आवाज वाढला की गाडी जास्त पळतेय असं वाटतं. आवाजासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. छंदाला मोल असतंच. फक्त बिलावर 'ताकद' लिहिलेलं असलं तरी आपण आवाज विकत घेतोय, हे मनाशी स्पष्ट असावं.

आता मुख्य मुद्दा : धूळ

रस्त्यावरच्या धुळीत सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचे कण मोठ्या प्रमाणात असतात. कठीणपणाच्या मोह्ज मापावर क्वार्ट्झ ७वर आहे. साधी लोखंडी सुरीही त्याच्यापुढे मऊ पडते. पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यात ऑइलचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असलेला कण या थरात शिरला, की तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. त्याच्या कडाही धूळ झिजवते. ही झीज डायनोवर दिसत नाही आणि पहिल्या सर्व्हिसलाही कळत नाही. ती कळते ऑइल कमी होऊ लागल्यावर, कॉम्प्रेशन पडल्यावर. तोवर इनटेक विकणारा आणि वॉरंटी, दोघेही लांब गेलेले असतात.

आता टक्क्यांचा खेळ बघा. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो, दुसरा ९७ टक्के. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनात किती गेली ते मोजा. १०० ग्रॅम धुळीपैकी पहिल्यातून १ ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून ३ ग्रॅम. म्हणजे तिप्पट! फिल्टरच्या जाहिरातीत 'किती अडवली' हा आकडा असतो. आपण 'किती सोडली' हा आकडा काढायचा.

फिल्टर तपासण्यासाठी 'आयएसओ ५०११' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक प्रकारची धूळ फिल्टरवर सोडून तीन गोष्टी मोजतात: धूळ किती अडली, दाब किती घटला आणि तुंबेपर्यंत फिल्टरने किती धूळ साठवली. इथेही एक मेख आहे. चाचणीची धूळ जाड आणि बारीक, दोन्ही प्रकारची मिळते. जाड धुळीवर कुठलाही फिल्टर चांगले गुण मिळवतो. म्हणून 'आयएसओ चाचणी झालीय' एवढ्यावर थांबू नका. बारीक धुळीवरचा आकडा मागा.

सर्वसाधारणपणे कागदी फिल्टर बारीक धूळ उत्तम अडवतो. तेल लावलेला कापडी फिल्टर जास्त मोकळा असतो, पण त्याची गाळणी तेलाच्या थरावर अवलंबून असते. कोरडा सिंथेटिक फिल्टर या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. गाळणी आणि मोकळेपणा यांचं सहसा जमत नाही. दोन्ही हवं असेल तर फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. त्यामुळे दोन किटमध्ये निवड करताना ज्याच्या फिल्टरला घड्या जास्त आणि आकार मोठा, त्याला झुकतं माप द्या.

जाता जाता गॅरेजमधल्या एका सवयीबद्दल. 'फिल्टरला हवा मारून देतो' हे वाक्य आपण प्रत्येक सर्व्हिसला ऐकतो. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदाचे तंतू फाटू शकतात. शिवाय फिल्टरवर साचलेला धुळीचा पातळ थर पुढची बारीक धूळ अडवायला मदतच करतो. मुदत संपली की फिल्टर बदलावा. रोज झाडत बसू नये.

सेन्सरची गडबड का होते?

मस्टँगसारख्या अनेक गाड्यांत इनटेक पाइपात 'मास एअर फ्लो', म्हणजे मॅफ सेन्सर असतो. त्यातल्या तापलेल्या तारेला हवा किती थंड करते, यावरून ईसीयू हवेचं वजन ओळखतो. हा हिशेब पाइपाच्या ठरावीक व्यासासाठी बांधलेला असतो. ७० मिमीऐवजी ८० मिमीचा पाइप लावला, तर तेवढीच हवा सेन्सरजवळून सुमारे २३ टक्के हळू जाते. सेन्सरला वाटतं हवाच कमी आली आणि पेट्रोल कमी सोडलं जातं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू ही चूक दुरुस्त करतो. पूर्ण थ्रॉटलला अनेक गाड्यांत ही दुरुस्ती अपुरी पडते. नेमकं तिथेच इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असतं.

कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर तेही या तारेवर जाऊन बसू शकतं. मॅफऐवजी फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत हा त्रास कमी.

तपासणं अवघड नाही. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर दोन आकडे पाहा. 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' इनटेक लावण्याआधी किती होता आणि नंतर आठवडाभराने किती झाला? फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला तर किट तुमच्या गाडीसाठी नीट बनवलेलं नाही. दुसरा आकडा 'इनटेक एअर टेम्परेचर'चा. ट्रॅफिकमध्ये तो बाहेरच्या तापमानापेक्षा किती वर जातो, हेही आधी आणि नंतर लिहून ठेवा.

पावसाळ्यात काय?

बंपरमध्ये खाली उतरलेला कोल्ड एअर इनटेक मुंबईच्या पावसाळ्यात धोक्याचा आहे. पाणी दाबलं जात नाही. फिल्टर पाण्यात बुडून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. मिलन सबवे किंवा हिंदमाता तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, तर हा प्रकार घेऊच नका. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी वेगळं 'इंजिन प्रोटेक्ट' कवच लागतं. आणि इनटेक बदललेला असेल तर त्या दाव्यावरही वाद होऊ शकतो. बदल आधीच विमा कंपनीला लेखी कळवणं शहाणपणाचं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

एअर फिल्टरचा उल्लेख आरसीवर नसतो. त्याच डब्यात बसणारा दुसरा फिल्टर ही देखभालच मानता येईल. डबा काढून कोन बसवला, आवाज वाढला, उत्सर्जन बदललं, तर मात्र तुम्ही धूसर पट्ट्यात शिरता. पीयूसी मिळालं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पेट्रोल गाडीची ती तपासणी गाडी उभी असताना होते. पूर्ण थ्रॉटलला काय घडतं ते तिला दिसत नाही.

आणखी एक. अमेरिकन किटच्या जाहिरातीत 'वॉरंटी जाणार नाही' असं लिहिलेलं असतं. त्यामागे तिथला १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. तो पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चालत नाही. इथे तुमच्या वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचा.

कॅलिफोर्नियात जमतं, ते इथे का नाही?

बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे माहीत असेल. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला बाहेरचा इनटेक लावायचा, तर त्या किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक लागतो. या किटमुळे उत्सर्जन बिघडत नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं. क्रमांकाचं स्टिकर बॉनेटखाली चिकटवलं की मालकही निर्धास्त आणि तपासणाराही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सीएनजी किट लावायचं तर ते मान्यताप्राप्त असावं लागतं आणि आरसीवर त्याची नोंद होते. चाचणी करू शकणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यातच आहे. मग इनटेकसारख्या छोट्या बदलांसाठीही मान्यताप्राप्त किटची यादी का असू नये? माझ्या मते असावी. त्यात उत्सर्जन आणि आवाजासोबत बारीक धुळीवरचा गाळणीचा आकडाही छापणं सक्तीचं करावं. आज गाडीची हौस असलेल्या माणसापुढे दोनच वाटा आहेत: काहीच करू नका, किंवा करा आणि गप्प बसा. अशाने चांगलं आणि फालतू किट एकाच काउंटरवर, एकाच भाषेत विकलं जातं.

मग घ्यावं काय?

रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी किंवा लोणावळा, एवढाच वापर असेल तर कंपनीचाच फिल्टर वेळेवर बदला. धुळीचा रस्ता रोजचा असेल तर सर्व्हिस बुकातल्या मुदतीच्या आधीच बदला. उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. त्याचा फरक पहिल्याच वळणावर कळेल.

थोडा आवाज हवा असेल तर ड्रॉप-इन किंवा बंद कवचाचं किट घ्या, तेही बारीक धुळीवरचा चाचणी अहवाल दाखवणाऱ्याकडून. ईसीयू ट्यून करणार असाल, टर्बोचा बूस्ट वाढवणार असाल, तर मोठा इनटेक तांत्रिकदृष्ट्या योग्य ठरू शकतो, कारण तेव्हा हवेची गरज खरंच वाढते. मात्र तो ट्यूनरच्या सल्ल्याने आणि त्याच गाडीसाठी बनवलेलाच घ्या. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीला उघडा कोन चालेल, कारण तिथे किलोमीटर थोडे आणि फिल्टर वारंवार साफ होतो.

लावल्यावर महिनाभराने फिल्टरपुढचा पाइप सोडा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं मातकट झालं तर कुठेतरी फट आहे किंवा फिल्टरच गळका आहे. पुढच्या ऑइल बदलाला जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन सिलिकॉन आणि लोहाचं प्रमाण तपासून घ्या. दोन्ही आकडे आधीपेक्षा चढे निघाले, तर कंपनीचा डबा परत बसवा. म्हणूनच इनटेक बदलताना जुना डबा आणि त्याचे सगळे क्लिप गॅरेजवाल्याकडून मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.